सोनं गहाण पडलं ती लोकसभा

आम्ही तुंगार्लीच्या बचत गटातल्या. हजेरी, वसुली, कर्जाची मागणी उरकली की आम्ही बैठकीत अर्धा तास एखादा विषय वाचतो. या खेपेला दहावी लोकसभा घेतली, १९९१ ते १९९६ ची. दिल्लीचं आपल्याला काय करायचंय, असं दोघीतिघी म्हणाल्याच. पण सोन्याची गोष्ट निघाली आणि सगळ्या सरसावून बसल्या.

ती निवडणूक चालू असतानाच २१ मे १९९१ ला राजीव गांधींची हत्या झाली. निकाल लागला तेव्हा कुणालाच पूर्ण बहुमत नव्हतं. पंतप्रधान झाले नरसिंह राव. माणूस तेलुगू, पण आधी आपल्या रामटेकचे खासदार होते. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही बायकांच्या हालांची कादंबरी त्यांनीच तेलुगूत नेली. लोकसभेचे अध्यक्ष होते लातूरचे शिवराज पाटील.

देशाची अवस्था कशी होती? बाहेरून तेल आणायला डॉलर लागतात, ते जेमतेम दोन-तीन आठवड्यांचे उरले होते. जुलैत रुपयाची किंमत उतरवली, आणि रिझर्व्ह बँकेने ४७ टन सोनं विमानाने परदेशी नेऊन गहाण ठेवलं. आपल्याला हे समजावून सांगायला नको. आजही आमच्या गटातल्या दोघींच्या पोती गहाण आहेत.

२४ जुलैला मनमोहन सिंगांनी अर्थसंकल्प मांडला. बहुतेक कारखान्यांना सरकारी परवान्याची अट उरली नाही, परदेशी भांडवलाला दार उघडलं. आपल्या चुलीपर्यंत काय आलं? रेशनची साखर ५ रुपये २५ पैशांवरून ६ रुपये १० पैसे. गॅस महागला, रॉकेल थोडं उतरलं. खताचे भाव तर ४० टक्के वाढवले होते. त्यावर लोकसभेत इतका गदारोळ झाला की सरकारने वाढ ३० टक्क्यांवर आणली आणि लहान शेतकऱ्यांना त्यातून वगळलं. हे आम्ही दोनदा वाचलं. सभागृहात ओरडणारं कुणी असलं की खताच्या गोणीचा भाव बदलतो!

आता आपल्या कामाचं. याच लोकसभेने २२ डिसेंबर १९९२ ला त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती मंजूर केली. २४ एप्रिल १९९३ पासून पंचायतीत किमान एक तृतीयांश जागा बायकांच्या झाल्या. चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने तेच नगरपालिकांना लागू झालं, म्हणजे लोणावळ्यात आम्हालाही. महाराष्ट्रात ३० टक्के आधीच होतं, पण राज्याने दिलेलं राज्य काढूनही घेऊ शकतं; घटनेत गेलं की तसं होत नाही. आता आपल्याकडे निम्म्या जागा आहेत. हे देणाऱ्या सभागृहात बाया चाळीसही नव्हत्या. स्वतःच्या सभागृहातला तिसरा हिस्सा द्यायला मात्र संसदेला २०२३ उजाडलं, आणि तोही जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर लागू होणार!

त्याच काळात, १९९२ ला, नाबार्डने ५०० बचत गट बँकांना जोडायचा प्रयोग सुरू केला. हा लोकसभेचा कायदा नव्हे, बँकांचं धोरण. पण गंमत बघा, देशाला सोनं ठेवून कर्ज मिळालं, आणि वर्षभरात आपल्यासारख्या बायांना काहीही तारण न ठेवता कर्ज देऊन बघायचं ठरलं. तारण काय, तर एकमेकींचा शब्द आणि नियमित बचत.

सगळं गोड झालं असं आम्ही म्हणणार नाही. मोकळ्या बाजाराचा पैसा मुंबई-पुण्याहून घाटात आला, आमच्याकडे बंगले उठले. त्या बंगल्यांत आमच्या वाट्याला झाडू, फरशी आणि शनिवार-रविवारचा स्वयंपाक आला. महिन्याचा पक्का पगार फार थोडींना. बैठकीत यावर वाद झाला. एकीचं म्हणणं, निदान हातात पैसा तरी आला. दुसरी म्हणाली, जमीन गेली त्याचं काय? ते मिटलं नाही, पुढच्या बैठकीत परत घेणार आहोत.

मावळातल्या गावांमधून ऐकणाऱ्या तायांनो, तुमच्याकडे ग्रामसभा आहे, आमच्याकडे नगरपालिका असल्याने ती नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी तुमची कधी आहे, ते ग्रामपंचायतीत आजच विचारून ठेवा, आणि गटाच्या वहीत तारीख लिहा. तिथे घेतलेला ठराव इतिवृत्तात आला की नाही, तेही वाचून बघा.