सावली कुणाची, हेही लिहा

वनविद्येच्या अध्यापक मित्रहो,

 

महाराष्ट्रात निसर्गतः वाढलेलं पाइनचं जंगल नाही. तरी मी आज चीडबद्दल, म्हणजे हिमालयातल्या पाइनबद्दल बोलणार आहे. आपले विद्यार्थी वनसेवेत निवडले जातात, डेहराडूनला जातात, कुमाऊँ-गढवालचे उतार पाहतात. जाताना आपण शिकवलेलं एक वाक्य सोबत नेतात: चीड प्रकाशप्रेमी, ऊन द्या, रोपं येतील. वाक्य खोटं नाही, पण अर्धवट आहे.

चीडचं बी एप्रिल-मेच्या सुमाराला शंकूतून सुटतं आणि जुलै-ऑगस्टच्या पावसात रुजतं. रुजायला ऊन फारसं लागत नाही. म्हणून सावलीतही ऑगस्टमध्ये रोपं दिसतात आणि पाहणारा खूश होऊन परततो. खरी परीक्षा पाऊस थांबल्यावर सुरू होते. हिवाळ्यातल्या सरी सोडल्या तर पुढच्या जूनपर्यंत वरची माती वाळतच जाते. उन्हातल्या रोपानं तोवर मूळ खोल नेलेलं असतं. पानांतून गाळून आलेल्या उजेडात मात्र लाल किरण कमी, दूरलाल जास्त. शेजारी डोक्यावर चढतोय एवढंच रोपाला त्यातून कळतं, आणि ते जवळची शिदोरी उंच होण्यात संपवतं. मूळ आखूड राहतं. मे महिन्यात रोप मेलं की आपण नोंदवहीत लिहितो, ‘प्रकाशाअभावी’. मेलेलं असतं ते तहानेनं.

हा संशय जुनाच आहे. जर्मनीत फ्रिके यांनी मोठ्या पाइनखाली खुरटलेल्या रोपांभोवती चर खणून मोठ्या झाडांची मुळं तोडली. वरचं छत्र तेच, उजेड तेवढाच, आणि रोपं तरारली. प्रकाशप्रेमी आणि छायासहिष्णू ही विभागणीच निराधार आहे, असं त्यांनी 1904 मध्ये लिहून टाकलं. अमेरिकेत टूमी आणि कीनहोल्झ यांचा व्हाइट पाइनखालचा तसाच प्रयोग 1931 मध्ये प्रसिद्ध झाला. चरांच्या आतले तुकडे हिरवे झाले. फ्रिके यांच्याइतकं टोक गाठायला मी तयार नाही. चर खणून अंधार उजळत नाही. पण वरचा उजेड आणि खालचं पाणी यांचे दोन वेगळे हिशेब आहेत, हे त्यांनी दाखवलं ते पक्कं.

आणि हे दोन्ही हिशेब शेजारी कोण आहे त्यावर ठरतात. कुमाऊँत साधारण 1,500 ते 2,000 मीटरच्या पट्ट्यात चीड आणि बांज, म्हणजे तिथला ओक, एकमेकांना भिडतात. चीडची सावली विरळ, सुयांमधून ऊन झिरपतं. बांजची सावली रुंद पानांची, बारमाही, आणि तिच्याखाली बुरांश-काफळ या झाडांचा आणखी एक थर. बांजचा पाला कुजून ओल धरतो. चीडच्या सुया, तिथल्या बोलीत पिरूल, सावकाश कुजतात. थर जाड झाला की त्यात अडकलेल्या बियाचं मूळ मातीपर्यंत पोचतच नाही. जे. एस. सिंह, रावत आणि चतुर्वेदी यांनी 1984 मध्ये ‘नेचर’मध्ये यापुढची गोष्ट मांडली. हा पाला कुजवताना सूक्ष्मजीव मातीतला नत्र अडकवून ठेवतात. थोड्या नत्रावर चीडचं भागतं, बांजचं भागत नाही. एकदा शिरलेला चीड जमीनच आपल्या सोयीची करून घेतो.

त्याला आत घेतो माणूस. चारा-सरपणासाठी बांज ओरबाडला जातो, ऊन आत येतं, शेजारचं बी येतं. मग आग लागते. चीडचं कोवळं रोप वरून जळालं तरी बुडाशी फुटतं. बांजही फुटतो, पण त्याचे कोंब गुरं खातात. चीडच्या सुयांना सहसा तोंड लावत नाहीत. दोष गावकऱ्यांच्या माथी मारण्याआधी एक लक्षात ठेवा: जंगलावरच्या सरकारी बंधनांविरुद्धच्या 1921 च्या कुमाऊँ आंदोलनात लोकांनी पेटवली ती मुख्यतः सरकारी चीडवनं. बांज त्यांनी बहुतेक सांभाळला.

1981 मध्ये तिथे 1,000 मीटरच्या वर हिरव्या झाडांच्या व्यापारी तोडीवर बंदी आली. ती हवीच होती, असं माझं मत. पण मोजके बीजवृक्ष ठेवून बाकीचे काढायचे आणि त्या उजेडात नवी पिढी उभी करायची, ही जुनी रीत तिच्यामुळे थांबली. आता चीडची रोपं येत नाहीत अशी तक्रार ऐकू येते. मी आधी विचारतो, मग खाली काय येतंय? बांजची रोपं असतील तर ते अपयश नव्हे. तिथे कुऱ्हाड चालवून ऊन पाडणं चुकीचं ठरेल. खाली नुसता पिरूल आणि गुरांच्या वाटा असतील तर प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर उन्हात नाही.

अध्यापकांना एवढंच सांगणं. रोपांची मोजणी ऑगस्टमध्ये करून थांबू नका. पुढच्या जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, तीच रोपं पुन्हा मोजा. तक्त्यात छत्राच्या टक्केवारीशेजारी तीन रकाने वाढवा: सावली कोणत्या झाडाची, पाल्याचा थर किती जाड, गुरांचा वावर किती. आपला सागही प्रकाशप्रेमी म्हणूनच शिकवला जातो. सागाच्या जंगलात हाच तक्ता घेऊन यंदाच्या तुकडीला पाठवा आणि पुढच्या अधिवेशनात आकडे घेऊन या.