खेळातला तोटा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी एक मॅट्रिक झालेला शिक्षक. व्यापार मी कधी केला नाही. तेव्हा मुलांना उद्योगाचे शिक्षण कसे द्यावे, यावर मी बोलावे हे कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु ज्याने उडी मारण्याचे टाळले, त्यालाही काठावरून काही गोष्टी दिसत असतात.

आपल्या समाजात मुलगा नोकरीस लागला की पेढे वाटतात. दुकान घालतो म्हणाला की घरात चिंता पसरते. याचे कारण आळस नव्हे. तोट्याची आपणांस लाज वाटते, आणि तोटा सोसण्याची सवय आपल्या मुलांना कोठेच मिळत नाही. ही सवय खेळातून लावता येते, असे माझे नम्र मत आहे.

ही कल्पना माझी नव्हे. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी 1964 साली आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथील छोट्या व्यापाऱ्यांसाठी हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत वर्ग चालविले. त्यांच्या पद्धतीत एक साधा खेळ असे. खुंटीवर कडी टाकावयाची. उभे कोठे राहावयाचे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. कोणी खुंटीला चिकटून उभा राही, कोणी फार दूर जाऊन नशिबावर हवाला ठेवी. नेम साधेल, पण कसोटीही लागेल, असे अंतर निवडणारा तो खरा उद्योजक वृत्तीचा. या वर्गांतून गेलेल्या व्यापाऱ्यांनी पुढील काळात इतरांपेक्षा अधिक उलाढाल केल्याचे मॅक्लेलंड व त्यांचे सहकारी विंटर यांनी 1969 सालच्या ग्रंथात नमूद केले आहे.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आपल्या वसतिगृहातील मुलांकडून मी असाच एक खेळ खेळवून घेतला. प्रत्येक गटास दहा हजार कागदी रुपये दिले. छत्री दोनशेस घ्यावयाची, तीनशेस विकावयाची. हंगामाअखेर उरली तर शंभरास काढावयाची. पाऊस किती, हे चिठ्ठीत. पहिल्या गटाने सर्व रक्कम घालून पन्नास छत्र्या घेतल्या, दुसऱ्याने पाच. चिठ्ठी निघाली: पाऊस लांबला, गिऱ्हाइके वीस. पहिल्या गटास एक हजाराचा तोटा आला. दुसऱ्यास पाचशेचा नफा झाला. नफेवाले खुशीत होते. मी विचारले, "अरे, पंधरा गिऱ्हाइके दारातून परत गेली, त्यांचे काय?" त्यांच्यापाशी उत्तर नव्हते.

तोटा आलेल्या गटातील एक मुलगा मात्र मान खाली घालून बराच वेळ बसला आणि मग म्हणाला, "गुरुजी, माल दोन हप्त्यांत घेतला तर चालेल का?" मी दुसऱ्या हप्त्याचा भाव दोनशे वीस ठेवला. त्या डावात त्यांनी आधी वीस छत्र्या घेतल्या. चिठ्ठी चाळीस गिऱ्हाइकांची निघाली, तेव्हा आणखी वीस घेतल्या. मागचा तोटा भरून वर दोन हजार सहाशे उरले. त्याचा तो प्रश्न कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. तो हजाराच्या तोट्याने शिकविला, आणि तो तोटा कागदाचा होता.

त्या रात्री मला झोप आली नाही. पस्तीस वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ छापखाना काढावयाचा म्हणून माझ्याकडे आला होता. मी जामीन राहिलो नाही. "नोकरी पाहा," एवढेच म्हणालो. हिशेब विचारला नाही, थोडक्यात सुरुवात कर असेही सुचविले नाही. त्याने नोकरी केली. तो सुखी आहे. पण छापखान्याचा विषय त्याने माझ्यापाशी पुन्हा कधी काढला नाही. मी जन्मभर खुंटीला चिकटून उभा होतो, आणि त्यालाही तेथेच उभे केले.

खेळ म्हणजे धंदा नव्हे, हे मी जाणतो. खेळात उधारी बुडत नाही, घरची माणसे रडत नाहीत. म्हणून मंडळास माझी विनंती आहे की, दर सुटीत असा वर्ग भरवावा, आणि त्यातून तयार होणाऱ्या मुलांस परतफेडीच्या अटीवर थोडे खरे भांडवल द्यावे. पहिल्या वर्षासाठी माझ्या निवृत्तिवेतनातून पाच हजार रुपये मी आजच खजिनदारांकडे देत आहे. ते बुडाले तरी चालतील. मात्र मुलाने ते का बुडाले, हे आपणांसमोर उभे राहून सांगावे आणि आपण त्याला हसू नये.