बीपी कोणी पाहायचं?



 मला आज तक्रार करायची आहे आणि ती आपल्याच डॉक्टर मंडळींविषयी आहे.

आमवाताची, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसची रुग्ण समोर बसली की आपण तिची बोटं दाबून पाहतो, सुजलेले सांधे मोजतो, ईएसआर-सीआरपी बघतो, मेथोट्रेक्सेटचा डोस ठरवतो. बीपी? ते फिजिशियन बघतील. फिजिशियनना वाटतं, बाई दर महिन्याला सांधेवाल्यांकडे जातात, तिथे बघतच असतील. दोन्हीकडचे केसपेपर जाड होतात; दंडाला पट्टा कोणीच बांधत नाही.

या आजारात हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दीडपट असतो. युरोपातल्या ‘यूलार’ संघटनेने म्हणूनच सांगितलं आहे, की जोखीम काढण्याच्या सूत्रात हा आजार धरलेला नसेल, तर आलेल्या आकड्याला १.५ ने गुणा. पुण्याजवळच्या भिगवणच्या पाहणीत प्रौढांमध्ये या आजाराचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास आढळलं होतं. त्या हिशेबाने महाराष्ट्रातच काही लाख माणसं होतात.

सांध्यात जळणारी आग सांध्यापुरती राहत नाही. टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ रक्तातून सगळीकडे फिरतात. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं, वाहिनी हवी तेवढी सैलावत नाही, अस्तराखाली चरबीचे थर लवकर साचतात. आणि इथेच आपली फसगत होते. आजार भडकलेला असताना कोलेस्टेरॉल कमी दिसतं. रिपोर्ट पाहून आपण खूश, रुग्ण खूश. उपचार लागू पडून सूज ओसरली की तोच आकडा वर जातो, आणि बाई घाबरून चांगलं चाललेलं औषध बंद करतात. लिपिड तपासायचं ते आजार आटोक्यात आल्यावर, आणि हे त्यांना आधीच सांगून ठेवायचं.

दुसरी फसगत लक्षणांची. गुडघ्यांमुळे जी बाई जिना चढतच नाही, तिला जिना चढताना छातीत दुखणार कसं? खांदा आणि हात तर तिचे रोजच दुखतात. अमेरिकेत मिनेसोटातल्या रॉचेस्टरच्या २००५ सालच्या अभ्यासात या रुग्णांमध्ये छातीत दुखण्याची तक्रार कमी, पण कळलाच नाही असा हार्ट अटॅक जास्त आढळला. तोही काही जणांत आमवाताचं निदान होण्याच्या आधीच.

आता आपल्या प्रिस्क्रिप्शनकडे येतो. डायक्लोफेनॅक आपण पाच दिवसांचं लिहितो, मेडिकलवाला पाच वर्षं देतो. रोफेकॉक्सिब हृदयाच्या धोक्यामुळे २००४ मध्ये बाजारातून गेलं. त्याच्या भावंडांविषयी आपण अजून निर्धास्त. स्टेरॉइडने बीपी आणि साखर दोन्ही चढतात, आणि ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांतही ते कधी कधी मिसळलेलं निघतं. पुडी घेता का, हे रागावून विचारलं तर उत्तर ‘नाही’ असंच येतं. टोफासिटिनिब पन्नाशीपुढच्या, हृदयविकाराची जोखीम असलेल्या रुग्णाला देताना २०२२ च्या चाचणीचे निष्कर्ष आठवा: टीएनएफ-रोधकांच्या तुलनेत हार्ट अटॅक जास्त दिसले होते.

मेथोट्रेक्सेट मात्र आपलं राहू द्या. ते घेणाऱ्या आमवाताच्या रुग्णांत हृदयविकाराचे मृत्यू कमी दिसले आहेत. पण आमवात नसलेल्या हृदयरुग्णांना ते देऊन पाहिलं तेव्हा २०१९ मध्ये पदरी काहीच पडलं नाही. तेव्हा हे औषध हृदयाचं नव्हे. भडकलेला आमवात विझवतं, त्याचा फायदा वाहिन्यांनाही होत असावा, एवढंच म्हणू.

माझी मागणी छोटी आहे. सांध्यांच्या ओपीडीत बीपीचं मशीन टेबलावर ठेवा, कपाटात नको. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून पट्टा बांधू नका; कोपर सुजलेलं असेल तर दुसरा हात घ्या. विडीबरोबर मिशरीचंही विचारा, विशेषतः बायकांना. आपणहून त्या सांगत नाहीत. आणि केसपेपरवर सुजलेल्या सांध्यांच्या आकृतीशेजारी बीपी, साखर, लिपिड असे तीन रकाने छापून घ्या. नमुना मी सोबत आणला आहे. दुपारच्या कामकाजाच्या बैठकीत तो ठराव म्हणून मांडतो.