झाकलेलं पान
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील मनोगत)



मी सॉफ्टवेअरवाली, पण आज रक्ताबद्दल बोलणार आहे. दोन वर्षांपूर्वी आईच्या साध्या तपासणीत पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या निघाल्या. पुढचा रिपोर्ट फोनवर आला तेव्हा मी घाटकोपर स्टेशनच्या जिन्यात होते. ‘सीडी-१९ पॉझिटिव्ह’ एवढंच वाचलं आणि पायरीवरच बसले.

दुसऱ्या दिवशी पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांनी समजावलं. सीडी-१९ हे बी पेशींच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. ते तुमच्या-माझ्या बी पेशींवरही असतं. ते शोधायला प्रयोगशाळेत बनवलेली अँटिबॉडी वापरतात. तिला चमकणारा रंग जोडलेला असतो. ती त्या प्रथिनाला चिकटते, मग पेशी एकेक करून लेझरसमोरून जातात आणि यंत्र चमक मोजतं. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’चा अर्थ एवढाच, की ही बी पेशी आहे.

खरी बातमी खालच्या ओळीत होती. बी पेशीच्या रिसेप्टरला एक हलकी साखळी असते, कप्पा किंवा लॅम्डा. निरोगी रक्तात दोन्ही प्रकारच्या पेशी मिसळलेल्या असतात. आईच्या जवळजवळ सगळ्या कप्पाच्याच होत्या. म्हणजे एकाच पेशीची ती पिलावळ.

“अँटिबॉडी भलतीकडेच चिकटली नाही कशावरून?” मी विचारलं. डॉक्टरांनी आलेख पुढे केला. त्याच नमुन्यातल्या टी पेशी अंधारात होत्या. त्यांना ती चिकटलीच नव्हती.

मला आपला आठवीचा वर्ग आठवला. पानावर काळा कागद लावून कुंडी उन्हात ठेवायची, मग आयोडीन टाकायचं. माझं पान सगळंच सुंदर निळंकाळं झालं, कारण मी कागद लावायलाच विसरले होते. बाईंनी विचारलं, “निळं झालं हे कळलं. पण उन्हामुळे झालं, हे कशावरून?” आणि शून्य दिलं!

आईचा आजार सीएलएल, सावकाश चालणारा. सध्या औषध नाही, दर तीन महिन्यांनी तपासणी. गरज पडली तर काय, हा विचार रात्री येतोच. अशा वेळी आपल्या पवईकडे पाहून धीर येतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून नेक्सकार-१९ हा उपचार घडला. सीडी-१९ ओळखणारा अँटिबॉडीचा भाग रुग्णाच्याच टी पेशींवर बसवतात. इतर उपचारांना दाद न देणाऱ्या काही बी पेशींच्या कर्करोगांसाठी त्याला ऑक्टोबर २०२३मध्ये मान्यता मिळाली. अर्थात सीडी-१९ निरोगी बी पेशींवरही असल्याने त्याही मरतात. ओळख पटली तरी किंमत मोजावी लागतेच.

आपल्या सगळ्यांचे आईवडील आता सत्तरीच्या पुढे आहेत. असे रिपोर्ट तुमच्याही फोनवर येतील. एका शब्दावर घाबरू नका. डॉक्टरांना आधी विचारा, “निरोगी माणसात हे कसं दिसतं?”

बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते. ते शून्य मला आता पटलं.