पुशरॉडचं माप
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला 'संगणकावर बोल' असं सांगितलं होतं. ते तुम्ही रोज ऐकता. मी इंजिनावर बोलते.

आपण शाळेत होतो तेव्हा कळमनुरी परभणी जिल्ह्यात होती. हिंगोली जिल्हा १९९९ साली झाला. विजेचा नेम नसे, म्हणून विहिरींवर डिझेल इंजिनं धडधडायची. ती दुरुस्त करणारे माझे अण्णा तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असतील.

गेल्या दिवाळीत असंच एक जुनं इंजिन आलं. शेतकऱ्याचा हरभरा पाण्याला आलेला. अण्णांचे हात आता थरथरतात, फिलर गेजचं पातं धरवत नाही. ते स्टुलावर बसले नि म्हणाले, "तू बांध."

व्हॉल्व्हच्या सीटा अनेकदा कापल्या होत्या. सीट कापली की व्हॉल्व्ह हेडमध्ये आत जातो, त्याचा दांडा वर येतो, रॉकरची दुसरी बाजू खाली झुकते. पुशरॉड तोच, पण आता लांब पडतो. टॅपेटचा स्क्रू पार मागे घेतला तरी फट मिळेना. फट नाही तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. कॉम्प्रेशन गेलं की डिझेल पेटणार कशावर? काही जण दांड्याचं टोक घासून भागवतात. टोकाचा कडक थर गेला की ते भराभर झिजतं. अण्णांना हे अजिबात मान्य नाही.

व्हिडिओंत व्हॉल्व्हच्या टोकाला शाई लावून रॉडची लांबी ठरवतात. ते रॉकर स्टडवर असतो त्या इंजिनांचं. तिथे नट फिरवला की रॉकरची टेकच वरखाली होते. आपल्या इंजिनात रॉकर आडव्या शाफ्टवर, टेक पक्की. रॉड बदलून शाईचा डाग हलत नाही. इथे बघायचं ते स्क्रू कुठे बसतो.

म्हणून अण्णांनी जुना रॉड मधून कापून आट्यांचा केलेला आहे. पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले. स्क्रूचे दोन आटे रॉकरखाली दिसतील असा ठेवला, फटीत पातं घातलं, ते किंचित अडकत सरकेपर्यंत रॉड लांबवला. काढून व्हर्निअरने मोजला. इनलेटचा ०.९ मिलिमीटर आखूड हवा होता, एक्झॉस्टचा १.४. दोन्ही वेगळे मोजायचे, हे अण्णांनी तीनदा बजावलं. लेथवर नवे रॉड करून घेतले. तिसऱ्या दिवशी इंजिन विहिरीवर गेलं.

अशी मापं लिहिलेली अण्णांची वही मी टाइप करते आहे. काही पानं तेलाने गेलीत, काही अक्षरं आता त्यांनाही लागत नाहीत. तुमच्यात कुणाच्या घरी अजून मिस्त्रीकाम चालू असेल, तर जेवणाच्या वेळी मला गाठा. वही सोबत आणली आहे.