लोणारच्या काठावरील एक दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सातवी शिकलेल्या बाईला भाषणाला उभे करावे, ही मंडळाचीच हौस! तेव्हा पुस्तकी काही न सांगता, जानेवारी २०१९ मध्ये आपण बडनेऱ्याहून लोणारला गेलो, त्या दिवसाविषयी चार शब्द सांगते.

माझे निघणे सोपे नव्हते. सासूबाईंचे गुडघे गेलेले, आणि घरात मागे दुसरी बाईमाणूस नाही. पण लोणारचे नाव ऐकताच त्याच म्हणाल्या, “जाय वं. माह्या माहेराजवळच हाय ते. कमळजेची ओटी भरजो.” त्यांचे माहेर मेहकरकडचे. लहानपणी त्या धारेवर स्नानाला जात. त्यांनी खण-नारळ माझ्या पिशवीत घातला.

दशम्या आणि ठेच्याची शिदोरी घेऊन पहाटे निघालो. कारंजा, मेहकर करीत लोणारला पोचलो. प्रथम धार पाहिली. गोमुखातून बारमाही गोड्या पाण्याची धार पडते, आणि खाली सरोवराचे पाणी मात्र खारट, बोटाला साबणासारखे बुळबुळीत! येथील क्षार काच व साबण करण्याच्या कामी येत, असा उल्लेख अकबराच्या काळच्या ‘आइने-अकबरी’तही आहे.

काठावरून पाहिले तर मोठी परात ठेवावी तसा तो खळगा दिसतो. रुंदी सुमारे १.८ किलोमीटर, खोली सुमारे दीडशे मीटर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त रस वाहिला आणि थरावर थर साचून आपला काळा पाषाण झाला. आपल्या कपाशीची काळी माती त्याच पाषाणाची. म्हणून हे ज्वालामुखीचे मुख असावे, असे पुष्कळ वर्षे मानीत. पण प्रचंड आघातानेच होणारी एक प्रकारची काच येथील दगडांत सापडली, ते १९७३ साली प्रसिद्ध झाले, आणि आकाशातून उल्का आदळून हा खळगा झाला हे ठरले. केव्हा, याबद्दल मात्र शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही. चंद्रावरही असाच काळा पाषाण आहे. म्हणून तेथील खळगे समजून घेण्यासाठी लोणारचा अभ्यास करतात.

खाली उतरण्याची वाट उभी. बऱ्याच जणी वरच बसल्या. निम्म्या वाटेवर माझेही पाय लटपटू लागले. परतावे असे वाटले. पण पिशवीत खण-नारळ होता! झाडे धरीत उतरले, कमळजादेवीची ओटी भरली. चढताना दुप्पट वेळ लागला. वर दैत्यसूदनाच्या देवळातील कोरीव काम पाहिले आणि परतलो.

रात्री सासूबाई जाग्याच होत्या. मी उल्केची हकिकत सांगितली. त्या म्हणाल्या, “आमची माय तं सांगे, विष्णूनं लवणासुराले मारलं तिथं. धारेचं पानी तसंच हाय का?” मी “हो” म्हटले. तेव्हा मनात आले की गाडी धारेच्या जवळपर्यंत जाते. दोघींनी धरून त्यांना नेता आले असते. पुढच्या वर्षी नेऊ, असे मी म्हटले.

पुढच्या वर्षी टाळेबंदी आली. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. सासूबाईंना वाटले, दैत्याचेच रक्त. मी वर्तमानपत्र वाचून दाखवले: क्षार वाढल्याने खारट पाण्यात राहणारे सूक्ष्म जीव वाढले व त्यांचा तो रंग, असे पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितले. त्यांनी ते छायाचित्र बराच वेळ हाती धरले. २०२१ साली त्या गेल्या. धार पाहणे राहून गेले.

भगिनींनो, म्हणून माझी एकच सूचना आहे. यंदाच्या सहलीत घरच्या म्हाताऱ्या बायांसाठी दोन-चार जागा राखून ठेवाव्यात. त्यांनी खाली उतरू नये. काठावर बसावे, धारेचे पाणी डोळ्यांना लावावे. त्यांना धरायला मी आहे.