दुखण्यातला तग अरबीत मोजताना

तीन महिन्यांहून अधिक काळ पाठ न सोडणारं दुखणं म्हणजे जुनाट वेदना. तशातही काही माणसं कामाला लागतात, काही खचतात. हा तग मोजायला अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये १४ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रत्येक विधानाला शून्य ते चार गुण.

अशी प्रश्नावली अरबीत न्यायची, तर एकट्याच्या भाषांतरावर भागत नाही. दोघे जण वेगवेगळा मसुदा करतात. त्यातल्या एकाला विषय मुद्दाम सांगतच नाहीत, म्हणजे भाषा डॉक्टरी होत नाही. मग मूळ इंग्रजी न पाहिलेले आणखी दोघे ती अरबी प्रश्नावली पुन्हा इंग्रजीत आणतात. अर्थ कुठे घसरला, ते इथे उघडं पडतं. त्यानंतर तीस-चाळीस रुग्णांना विचारायचं: हे वाचून तुम्हाला नेमकं काय समजलं? माझ्या मते खरी कसोटी हीच. कारण मोरोक्कोपासून इराकपर्यंत लिहायची अरबी बहुतांशी एक, घरात बोलायची मात्र निराळी. आणि कमी शिकलेल्या आजीबाईंना छापील वाक्य अवघडच जातं. शेवटी काही दिवसांनी त्याच रुग्णांकडून प्रश्नावली पुन्हा भरून घेतात. दरम्यान दुखण्यात फरक पडला नसेल, तर गुणही जवळपास तेच यायला हवेत.